मोंढ्यातला माल कोणाच्या खात्यात?

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोह्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढते. सौदा होतो, काटा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. आडत दुकानाचा मुनीम हे सारे रोजकीर्दीत चोख उतरवतो. पेच पडतो तो मार्चअखेर. वर्षभरात पाच कोटींचा माल दुकानातून गेला, मग दुकानाची विक्री पाच कोटी म्हणायची काय?

लेखा मानक 9 नुसार नाही. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याचे उत्पन्न म्हणजे त्याचे कमिशन. आडत दोन टक्के धरली, तर पाच कोटींवर दहा लाख. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 17 मार्च 1986 च्या परिपत्रक क्रमांक 452 मध्ये करलेखापरीक्षणासाठी हाच भेद मानला. कच्च्या आडत्याची उलाढाल म्हणजे फक्त आडत. पक्का आडत्या मालावर हक्क चालवतो, म्हणून त्याची पूर्ण विक्री धरायची. करलेखापरीक्षणाची मर्यादा एक कोटीची. ती दहा कोटींवर जाते, पण जमा आणि खर्च दोन्हींतली रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तरच, आणि मोंढ्यात ही अट पाळणे सोपे नाही.

मात्र एकच दुकान सकाळी आडत करते आणि दुपारी भाव उतरला की स्वतःसाठी माल घेते. अशा दुकानावर ‘कच्चा’ किंवा ‘पक्का’ असा एकच शिक्का मारून मोकळा होणारा सल्लागार अशिलाला अडचणीत आणतो. दोन्ही व्यवहारांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. मार्चमध्ये ती निवडत बसणे म्हणजे मिसळलेल्या डाळी वेचणे.

त्यात जीएसटीचा प्रश्न निराळाच. 4 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने कसोटी ठरवली ती बिल कोणाच्या नावाने निघते याची. आडत्याने स्वतःच्या नावाने बिल फाडले, तर विवरणपत्रात पूर्ण रक्कम दिसते आणि नफा-तोटा पत्रकात फक्त आडत. दोन्ही बरोबर असू शकतात. पण त्यांचा मेळ दाखवणारा तक्ता फाइलमध्ये नसेल, तर नोटीस आल्यावर धावपळ ठरलेली.

स्वतःच्या शिल्लक मालाला लेखा मानक 2 लागते: खरेदीखर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जे कमी ते. 4,400 ने घेतलेल्या सोयाबीनचा भाव 31 मार्चला 4,000 असेल आणि विक्रीखर्च 50 येणार असेल, तर क्विंटलला 3,950 च लिहायचे. ‘2025-26 चा हमीभाव 5,328 आहे की!’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. हमीभावाची खरेदी केंद्रे शेतकऱ्यासाठी असतात, व्यापाऱ्यासाठी नव्हे. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला दहा हजारांच्या घरात गेलेला भाव अनेकांच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, पण ताळेबंदात आशेला रकाना नसतो.

कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिल्या जाणाऱ्या मालसाठ्याच्या पत्रकाकडेही व्यावसायिकांनी यंदा बारकाईने पाहावे. विक्रीसाठी ठेवलेली शेतकऱ्याची पोती त्यात मोजली गेली, तर तारण फुगते आणि ताळेबंदातला साठा त्याच्याशी जुळत नाही. गोदामात मोजणीला उभे राहताना प्रत्येक थप्पीमागची पट्टी मागावी.