दिसले काय, वाटले काय

तापाचे कारण सापडेपर्यंत आम्ही केसपेपरवर ‘पीयूओ’ लिहितो, म्हणजे कारण न कळलेला ताप. त्याचा अर्थ करणी असा कोणी घेत नाही, निदान वॉर्डात तरी नाही. ‘यूएफओ’ म्हणजेही ओळख न पटलेली उडती वस्तू, एवढेच. पण शब्द उच्चारला की परग्रहवासी हजर!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भासह राज्यात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. उल्का, विमान, यूएफओ... मोबाइलवर तर्कांना ऊत आला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडले. खगोल अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला. तो फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटच्या टप्प्याशी जुळला. पाहणारे खोटे बोलत नव्हते. त्यांनी ‘दिसले’ ते खरे होते, ‘वाटले’ ते चुकले.

अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्येही १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत अनोळखी राहिल्या. त्या तशाच ठेवाव्यात. उत्तर नाही, हेसुद्धा एक निरीक्षण आहे.

पुन्हा काही दिसले, तर शेजाऱ्याशी बोलण्याआधी वेळ, दिशा, किती सेकंद दिसले, आवाज आला का, हे लिहून काढा. पडलेल्या तुकड्याला हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा. काही रॉकेट-इंधने विषारी असतात. व्हिडिओ दहा ग्रुपांवर आला तरी साक्षीदार एकच. मूळ फाइल काढणाऱ्याकडूनच मागा. फॉरवर्ड होताना तारीख-वेळेची नोंद बहुधा गळून पडते.