पांढरपेशा आणि जुनी मोटारसायकल

महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला नवी मोटारसायकल परवडत नाही, तेव्हा तो जुनी घेतो. किंमत चुकती होते, नावावर करून घेण्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे अर्ज परिवहन कार्यालयात दिले जातात, किल्ली हाती येते आणि व्यवहार पुरा झाला असे घरात सगळे मानतात. वस्तुतः त्याच दिवशी दुसरा व्यवहार सुरू होतो. इंजिनातले ऑईल केव्हा बदलले होते, चेन किती झिजली आहे, ब्रेकमध्ये किती जीव उरला आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्या मालकाजवळ नसते. या अज्ञानाची किंमत पुढे गॅरेजमध्ये आणि एखाद्या दुर्दैवी दिवशी रस्त्यावर मोजावी लागते.

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेथे वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. चांगल्या गाडीला रास्त भाव मिळत नाही, म्हणून तिचा मालक ती विकायलाच काढत नाही. या विषयावरील कार्याबद्दल २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. या दुखण्यावर बाजाराने काढलेला एक उपाय म्हणजे हमी. परंतु दहा वर्षे वापरलेल्या शंभर सीसीच्या गाडीची हमी सहसा कोणी देत नाही. तिच्या मालकाला एकच हमी उरते, ती स्वतःच्या डोळ्यांची आणि हातांची.

एके काळी ही हमी मिळवणे चालकाला भागच पडे. राजदूत, जावा यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागे. प्लगवर काजळी धरे, आणि रस्त्याच्या कडेला तो काढून घासण्याची विद्या बहुतेकांना अवगत असे. १९८५ साली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. पेट्रोलपुरता तो सल्ला ठीकच होता. मध्यमवर्गाने तो साऱ्या यंत्राला लागू केला.

शिकावयाचे ते फार नाही. एका रविवारची सकाळ, त्या गाडीचे माहितीपुस्तक आणि चार पाने एवढ्यावर सुरुवात होते. आधीचा हिशेब ठाऊक नसल्यामुळे ऑईल प्रथम बदलून टाकावे आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढचा सारा जमाखर्च तेथून सुरू होतो. फोर-स्ट्रोक मोटारसायकलीत तेच ऑईल बहुधा गिअर आणि क्लच यांनाही पुरते, म्हणून मोटारीचे ऑईल त्यात चालत नाही; क्लच घसरू लागतो. ऑईल सोडण्याचा बोल्ट परत बसवताना अंगातला जोर दाखवू नये. इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे असते, आटे गेले की दुरुस्ती महाग पडते.

चेन सैल राहिली तर उतरण्याचा धोका असतो. वाजवीपेक्षा ताणली तर ती स्वतःही झिजते आणि बेअरिंगही खाते. ती एकाच जागी पाहून भागत नाही, मागचे चाक फिरवून ठिकठिकाणी पाहावी लागते, कारण जुनी चेन सर्वत्र सारखी झिजलेली नसते. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या नाहीत, तर चाक तिरके बसते. टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. अनेक गाड्यांच्या मागच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक पुरा दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला, तर ब्रेक-शू संपले असे समजावे. आणि प्लग तर मागच्या मालकाचा कबुलीजबाबच होय. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काजळी असेल तर हवेची गाळणी तुंबल्याचा किंवा पेट्रोल जास्त जात असल्याचा संशय घ्यावा. तेलकट ओल असेल तर इंजिन ऑईल जाळत असण्याचा संभव असतो.

यावर श्रमविभागणीचा आक्षेप घेतला जाईल. शिक्षकाने शिकवावे, मेकॅनिकने गाडी दुरुस्त करावी, यातच दोघांचे हित नाही काय? तत्त्व बरोबर आहे. पण काम विकत घेणाऱ्याला त्या कामाची पारख असावी, हे त्यात गृहीत धरलेले असते. पारख नसेल तर प्रामाणिक आणि लबाड मेकॅनिक यांचे बिल सारखेच दिसते आणि नुकसान प्रामाणिकाचे होते. शिवाय २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणेने घेतली आहे. तिला घरी हात लावणे शहाणपणाचे नव्हे. कोठे थांबावे हेही ज्ञानच आहे, आणि ते हात काळे केल्यावाचून येत नाही.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. महाराष्ट्राच्या भूमीवर मांडला गेलेला तो विचार पदवीधरांच्या हातांपर्यंत मात्र फारसा पोहोचला नाही. घर्षणाचे नियम परीक्षेत अचूक लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्या गाडीचा ब्रेक कधी उघडून पाहत नाही. मागच्या सीटवर त्याची आई किंवा लहान बहीण बसणार असते. तो नियम निदान तिच्यासाठी तरी वहीतून ब्रेकपर्यंत यावयास हवा.