‘पारंपरिक’ म्हणजे कोणाचे?

वाटेवर पडलेल्या कवडीस धनी नसतो. ज्यास ती सापडेल त्याने खुशाल उचलावी. त्यास कोणी चोर म्हणणार नाही. परंतु तुळजापूरच्या गोंधळ्याच्या गळ्यातील माळेची कवडी वाटेवर सापडलेली नसते. ती वडीलधाऱ्यांच्या हातून त्याच्या गळ्यात पडलेली असते, आणि ती माळ बेवारस आहे असे म्हणण्याचे धाडस कोणताही शहाणा मनुष्य करणार नाही. मग त्याच गळ्यातून निघालेले पद मात्र बेवारस ठरविण्याचे धाडस आमचे ध्वनिमुद्रणाचे व्यापारी, आमचे नामवंत गायक आणि त्यांची स्तुती करणारे आमचे परीक्षक वर्षानुवर्षे कसे करीत आले आहेत? याचे उत्तर सोपे आहे. त्यांच्यापाशी या कामी एक मोठा सोयीचा शब्द आहे. ‘पारंपरिक’ हा तो शब्द होय.

नवरात्र जवळ आले की देवीच्या गीतांचे नवे संच बाजारात येतात. त्यांवर गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते. संगीत-संयोजकाचे नाव त्याखाली. कंपनीचे चिन्ह कोपऱ्यात. शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे जेथे सांगावयाचे तेथे मात्र एकच शब्द छापलेला दिसतो: पारंपरिक. पूर्वी हा शब्द तबकडीच्या वेष्टनावर असे, पुढे तो कॅसेटवर आला, आता मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. साधने पालटली, शब्द तोच राहिला.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रतिष्ठित गायकाने लोकगीत गाऊ नये, त्याचा संच काढू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ रंगमंचावर आणली, तेव्हा शहरातील हजारो प्रेक्षकांना आपल्याच मुलखातील कलांची नव्याने ओळख झाली. गोंधळी जे ‘जांभूळ आख्यान’ सांगत आले, ते विठ्ठल उमपांच्या प्रयोगाने नाट्यगृहापर्यंत पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर गावोगावच्या देवळांच्या कर्ण्यांतून घुमला. या थोर गायकांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. गाण्यास आमची हरकत नाही. गाणे घेऊन देणाऱ्याचे नाव पुसण्यास आमची हरकत आहे.

आता पुसले जाते ते नेमके काय, हे पाहू. गोंधळ म्हणजे पाच-सहा मिनिटांचे गीत नव्हे. घरी लग्न झाले, कुळाचाराची वेळ आली, म्हणजे गोंधळी बोलाविला जातो. पाटावर चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटते. कमरेस बांधलेल्या संबळावर काड्या पडू लागतात, तुणतुण्याची एकच तार अखंड सूर धरून राहते, आणि मग देवतांना आमंत्रण सुरू होते. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशी एकेका स्थळाची नावे घेऊन त्यांना गोंधळास येण्याची विनवणी होते. आणि त्या मालिकेत यजमानाच्या घरचे कुलदैवतही येते. त्यापुढे आख्यान लागते, आणि रात्र सरत आली म्हणजे आरती होते. ज्या घरी गोंधळ, त्या घरचे दैवत: ही या कलेची रीत आहे. म्हणून तेच पद दोन घरी तंतोतंत सारखे होत नाही.

ध्वनिमुद्रणास हे सारे पेलत नाही, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे व्यर्थ आहे. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. रात्रभराचे आख्यान तीत कसे मावणार? कॅसेटने अर्धा-अर्धा तास दिला, तरी यजमान काही दिला नाही. मुद्रित गोंधळात आमंत्रण आहे, पण ज्या घरी यावयाचे ते घर नाही. यजमान गेला, रात्र गेली, आख्यान गेले, पुष्कळदा संबळाची जागाही यंत्राच्या ठेक्याने घेतली. इतके सर्व गेल्यावर ते पद कोठून आले हे सांगणारी एकच खूण उरू शकत होती, आणि ती म्हणजे ज्याने ते शिकविले त्याचे नाव. तेवढी एक खूण राखण्यास ना जास्त मिनिटे लागत होती, ना जास्त पैसा. तीच नेमकी पुसली गेली.

याचे समर्थन करणारे म्हणतात की, लोककलेत नावाला महत्त्व नसतेच. ती निनावी असते, हेच तिचे वैभव. हे विधान ऐकावयास गोड आहे, पण आमच्या परंपरेविषयी ते सपशेल खोटे आहे. ज्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर आहे त्याच जिल्ह्यात तेर आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तेथे गोरोबा होऊन गेले. त्यांच्या अभंगांच्या शेवटी त्यांचे नाव येते. नावच नव्हे, तर कुंभार हा त्यांचा धंदाही येतो. माती तुडविणाऱ्या मनुष्याने आपल्या शब्दांवर आपली मुद्रा उमटविली आणि सातशे वर्षे वारकऱ्यांनी ती निष्ठेने उच्चारली. कोणी कीर्तनकार आजवर उठून म्हणाला नाही की, हा अभंग ‘पारंपरिक’ आहे. शाहिरांनी लावणीच्या शेवटी आपली नावे गुंफली. ही आमची खरी परंपरा. तेव्हा नाव पुसण्याच्या कृत्यास परंपरेचे नाव देणे म्हणजे देवीचे दागिने काढून नेऊन वर तिलाच साक्षीस बोलाविणे आहे.

येथे कोणी चतुर वाचक आम्हांस एकनाथांची आठवण देईल. नाथांनी तरी गोंधळ, जोगवा, वाघ्या ही रूपे लोकांकडूनच घेतली ना? घेतली खरी. परंतु कशी घेतली ते पाहा. गोंधळ्याच्या रूपात रचलेल्या पदास त्यांनी ‘गोंधळ’ म्हटले, जोगव्यास ‘जोगवा’ म्हटले; म्हणजे रूप ज्याचे त्याच्याच नावावर ठेविले. आपली मुद्रा घातली ती आपण रचलेल्या शब्दांखाली, आणि तीतही आपल्या नावाशेजारी जनार्दनस्वामींचे, म्हणजे गुरूचे नाव घातले. आमच्या नामवंतांनी नाथांचा दाखला अवश्य द्यावा. मात्र तो पुरता पाळावा. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव आपल्या नावाशेजारी घालावे, एवढेच नाथ शिकवितात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पद कोणी रचले हे कोणासच ठाऊक नाही. मग नाव लिहावयाचे तरी कोणाचे? आमचे उत्तर असे की, रचणारा अज्ञात असला तरी देणारा अज्ञात नसतो. गीत हवेतून मुद्रणशाळेत उतरत नाही. कोणी गोंधळी, एखाद्या आराधी मेळ्यातील कोणी बाई ते आधी म्हणून दाखविते, तेव्हा ते टिपून घेतले जाते. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत किंवा तुळजापुरात नवरात्रात गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन गाणाऱ्या ज्या आराधिणी दिसतात, त्यांना नावे आहेत, गावे आहेत. ‘अमक्या गावच्या अमक्या बाईंकडून मिळालेले पद’ असे लिहिण्यास कोणत्या संशोधनाची गरज आहे? आणि हे अशक्य असते, तर हेमा राइरकर व गी पॉइटव्हँ यांनी जमविलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झालाच नसता. हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदविण्याची रीत तेथे पाळली गेली आहे. लाखभर ओव्यांच्या बाबतीत जे दोन संशोधकांना व त्यांच्या सोबत्यांना साधले, ते आठ गाण्यांच्या एका संचासाठी मोठमोठ्या कंपन्यांना साधत नाही, हे आम्ही का मानावे?

हा रोग केवळ आमच्या देशातील आहे असेही नाही. अमेरिकेत 1927 साली ब्रिस्टल या गावी व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर याने डोंगरी भागातील गायकांचे मुद्रण केले, आणि त्यातून कार्टर कुटुंब प्रसिद्धीस आले. त्या देशातील ग्रामीण संगीताच्या इतिहासात त्यांना आद्यस्थान आहे. या कुटुंबाचे ए. पी. कार्टर पुढे गाणी गोळा करीत गावोगाव हिंडत, तेव्हा त्यांच्यासंगे लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय वादक असे. कार्टर शब्द उतरून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. तबकड्यांवर नाव आले कार्टरांचे. रिडलचे नाव जाणकारांच्या ओठी येण्यास 1960 नंतरचे दशक उजाडावे लागले. कार्टर कुटुंबाच्या गाण्याची गोडी यामुळे कमी होत नाही. परंतु ज्याच्या कानांवर ती गोडी तोलली गेली तो मनुष्य इतकी वर्षे अंधारात राहिला, हा हिशेबही मिटत नाही. आमच्याकडे असे किती रिडल आहेत, हे सांगण्याचे साधनच ‘पारंपरिक’ या शब्दाने नाहीसे करून टाकले आहे.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा असता, तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. यात पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो पोटाचा आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षे टिकतो. 1994 च्या दुरुस्तीने गाणाऱ्यास व वाजविणाऱ्यास आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला. 2012 च्या दुरुस्तीने कवी, संगीतकार व कलाकार यांचा मानधनातील वाटा पक्का केला. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु ज्या पदापुढे ‘पारंपरिक’ लिहिले, त्याला कायद्याच्या दृष्टीने कवीही नाही आणि संगीतकारही नाही. कंपनीला तिचे हक्क आहेत, गायकाला त्याचे आहेत, नवी मांडणी करणाऱ्यालाही काही मागता येते. गोंधळी तेवढा रिकाम्या हाताने उभा, कारण त्याने पद शिकविले ते ओसरीवर बसून, मुद्रणयंत्रासमोर नव्हे. म्हणजे हा शब्द निरुपद्रवी नाही. तो शब्द म्हणजे एक पावती आहे. फरक इतकाच की, माल ज्याचा त्याची सही तीवर नाही.

शेवटचा आक्षेप नेहमी मोठ्या दयाबुद्धीने केला जातो: नामवंतांनी ही गाणी गाइली नसती तर ती मेलीच असती. आम्ही म्हणतो, गाणे जिवंत राहणे म्हणजे काय, याचाच आधी विचार व्हावा. पद ऐकू येत राहिले, पण ते घरी येऊन, घरच्या दैवताचे नाव घेऊन गाणारा मनुष्य उरला नाही, तर जगले ते काय? चित्र जगले, ज्याचे चित्र तो गेला. आणि तो का जातो, हेही कोडे नाही. ज्या विद्येस बाहेर नाव मिळत नाही आणि घरी भाकरी मिळत नाही, ती विद्या आपल्या मुलाच्या गळ्यात घालण्यास कोणता बाप धजेल? परभणीच्या राजारामभाऊ कदमांना महाराष्ट्राने गोंधळी म्हणूनच, त्यांच्या नावानिशी ओळखले. गोंधळी निनावीच असावा लागतो, हा समज त्यांनी एकट्याने खोटा पाडला आहे. मात्र एक नाव ठाऊक असणे ही काही फेड नव्हे. त्यामुळे बाकीच्यांची नावे गाळण्यास कोणास आधार मिळत नाही.

तेव्हा आमची मागणी अगदी माफक आहे. संचातील प्रत्येक लोकगीताखाली चार गोष्टी लिहाव्या: पद कोणाकडून मिळाले, त्या व्यक्तीचे गाव कोणते, ते कोणत्या प्रसंगी गातात, आणि त्यात आपण काय बदल केला. देणाऱ्यास नाव प्रसिद्ध करावयाचे नसेल, तर त्याच्या मेळ्याचे व गावाचे नाव द्यावे. मिळकतीत त्याचा वाटा आधी लेखी ठरवावा. जेथे देणाऱ्याचा शोध खरोखर लागत नाही तेथे ‘पारंपरिक’ हा शब्द अवश्य वापरावा. पण शोध केल्यानंतर, शोधाऐवजी नव्हे. परीक्षकांनीही गायकाच्या गळ्याची फिरत वर्णन करण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. आम्ही तर यापुढे प्रत्येक संचास तोच प्रश्न प्रथम विचारणार.

यामुळे गायकाची प्रतिष्ठा उणी होईल, अशी भीती कोणी बाळगू नये. आमच्या देशात गवई मैफलीत गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीस हात लावतो. त्याने तो लहान होत नाही. भरजरी रंगमंचावर बसून घराण्याच्या उस्तादासाठी जो हात कानाकडे जातो, तो तुळजापूरच्या गोंधळ्यासाठी का जात नाही, एवढेच आम्हांस या नामवंतांकडून ऐकावयाचे आहे.