पडदा, पोपट आणि बाबांचा चष्मा

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि डोक्यात अजून कालच्या लंचचं भांडण. विषय काय, तर टॅबलेट! टीममधल्या एकाला नवा घ्यायचाय, कारण नव्याचा पडदा म्हणे "जास्त शार्प" आहे. झालं, टेबलावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, घेऊन टाक, पडदा म्हणजेच तर टॅबलेट. दुसरी म्हणे, नुसती चैन आहे, अक्षरं दिसली की झालं. मी एरवी हमखास दुसऱ्या पार्टीत असतो (चिक्कू म्हणून आपली ख्याती आहेच). काल मात्र दोन्ही पार्ट्यांशी भांडलो. का, ते सांगतो.

आधी "अक्षरं दिसली की झालं" वाल्यांचा समाचार. कारण हे वाक्य मी स्वतः बोललोय, आणि ते मला महागात पडलंय.

दोन वर्षांपूर्वी बाबा शाळेतून रिटायर झाले. जुनी मराठी पुस्तकं वाचायचा नाद. स्कॅन केलेली ढीगभर पुस्तकं त्यांनी जमवली होती, म्हणून टॅबलेट हवा होता. मी आपला हिशोबी! १०.१ इंची, १२८० बाय ८०० चा स्वस्तातला उचलला. "बाबा, तुम्हाला गेम थोडीच खेळायचेत? वाचायला पुरे आहे." सात-आठ हजार वाचवले म्हणून स्वतःवर खूषही झालो. तीन-चार महिने बाबांनी जोरात वाचलं. मग टॅबलेट फ्रिजवर गेला तो तिथेच राहिला. विचारलं तर म्हणाले, "डोळे दमतात रे. वय झालं आता." डॉक्टरांना दाखवलं. चष्म्याचा नंबर तोच, मोतीबिंदू नाही. मग काय, वय झालं असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी स्वतः तो टॅबलेट घेऊन वाचायला बसलो. वीस पानांत माझं डोकं दुखायला लागलं. वय वर्षं अठ्ठावीस, चष्मा नाही!

आता जरा गणित, घाबरू नका. साध्या पुस्तकाचं पान साधारण साडेपाच इंच रुंद. ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर रुंदीत १६५० ठिपके. बाबांच्या टॅबलेटची उभ्यातली रुंदी ८०० ठिपके. म्हणजे पान पूर्ण दिसायचं तर रुंदीतले निम्म्याहून जास्त ठिपके गायब! बारा पॉइंटच्या टाइपाची अख्खी ओळ, वेलांटीपासून उकारापर्यंत, २५ ठिपक्यांच्या उंचीत बसवायची. इंग्रजीचं त्यात निभावतं एक वेळ. आपल्याकडे शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, जोडाक्षरं. "उद्धव" आणि "उद्भव" यातला फरक किती ठिपक्यांचा असेल विचार करा. द्ध, द्भ, द्व सगळ्यांचा एकच काळा गोळा होतो. माणूस मग अक्षर वाचत नाही, अंदाज करतो. दिवसभर अंदाज करून बघा, दमता की नाही ते!

"मग झूम करायचं ना?" असं कोणीतरी म्हणणारच. ई-बुकात अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप नव्याने जुळते. स्कॅन म्हणजे फोटो. झूम केलं की ओळ पडद्याबाहेर, आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. याला वाचन म्हणत नाहीत, हमाली म्हणतात.

तेव्हा शार्प पडदा ही चैन नाही. निदान देवनागरी वाचणाऱ्याला तरी नाही.

आता पहिली पार्टी. फार खूष होऊ नका :) २०११ च्या आयपॅड २ वर इंचाला १३२ ठिपके होते, २०१२ च्या तिसऱ्या आयपॅडवर २६४. आकार तोच, ९.७ इंच, ठिपके चौपट. ती खरी उडी. निरोगी डोळ्याला साधारण एक साठांश अंशापर्यंतचा बारकावा कळतो. ४० सेंटिमीटरवरून त्याचा हिशोब इंचाला सुमारे २२० ठिपके येतो. १३२ आणि २६४ यांच्या मधोमध हा उंबरठा आहे, म्हणून फरक कुणालाही दिसला. पण फुकट नाही मिळाला. चौपट ठिपके उजळवायला बॅटरी २५ वॅट-तासांवरून ४२.५ वर न्यावी लागली. टॅबलेट जाड आणि जड झाला, आणि चालायचा मात्र तेवढाच, दहा तास. सात महिन्यांत चौथा आयपॅड आला. आणि कहर म्हणजे २०१६ मध्ये आयओएस १० आलं तेव्हा दुसरा आणि तिसरा, दोघांनाही एकाच दिवशी घरी बसवलं!

आणि त्यानंतर? मोठ्या आयपॅडचा आकडा २६४ च राहिला. २०२४ च्या ओएलईडीवाल्या आयपॅड प्रोचाही २६४ च. (मिनी वेगळा, तो ३२६.) पडदा उजळ झाला, काळा रंग जास्त काळा झाला, स्क्रोलिंग मऊ झालं, ते सगळं खरं. पण उंबरठा एकदा ओलांडला की ओलांडला. आमच्या गड्याकडे आहे २६४ चा, आणि त्याला हवाय २९० च्या आसपासचा. त्याच्या डोळ्यांना हा फरक कळणार नाही, क्रेडिट कार्डाला कळेल.

दुकानात जाऊन ठरवू म्हणता? तिथे डोंगर, धबधबे आणि रंगीत पोपट चालू असतात. पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो. आपलं स्वतःचं एक स्कॅन केलेलं पान घेऊन जा, ते उघडा, नेहमीच्या अंतरावर धरा आणि तळटीप वाचा. जोडाक्षर न अडखळता वाचता आलं तर पडदा पुरेसा आहे. नाही आलं तर आधी बघा, दोष पडद्याचा की स्कॅनचा. मूळ स्कॅनच गचाळ असेल तर महाग पडद्यावर गचाळपणाच जास्त स्वच्छ दिसतो. आणि चष्मा लावूनही नजर अधू असेल, तर ठिपके वाढवून उपयोग नाही, अक्षर मोठं हवं, पडदा मोठा हवा.

बाबांसाठी जानेवारीत ११ इंची, २५६० बाय १६०० चा घेतला. उभ्यातली रुंदी १६०० ठिपके, म्हणजे पान जवळजवळ जसंच्या तसं. परवा रात्री फोन आला, "अरे, या आवृत्तीत मुद्रणदोष फार आहेत, आत्तापर्यंत अकरा सापडले." वय झालंय म्हणे!

पण मधलं दीड वर्ष गेलं ते गेलंच. सात-आठ हजार रुपयांसाठी. "पुरे आहे" म्हणताना, कोणाला आणि कशासाठी, हे मी विचारलंच नव्हतं.

असो. आमचा गडी सोमवारी काय ठरवून येतो बघू. चहा गार झाला.