नकाशा कोणाच्या हाती?

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. ती नेमकी कोठे येतात, हे तेथील रापणकारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु जे नकाशावर नाही ते शासनदरबारी नाहीच, हा आपल्याकडील अनुभव होय. २०२१ साली किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यावरील जनसुनावणीत लोकांनी नकाशांतील त्रुटींवर बोट ठेवले, ते योग्यच झाले. आता स्वतःचा बिनचूक नकाशा पुढे ठेवण्याची सिद्धता हवी.

त्याचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. २००२ मध्ये आरंभ झालेली ‘क्यूजीआयएस’ ही संगणकप्रणाली कोणासही वापरता येते. घरट्यांचे अक्षांश-रेखांश, भरतीरेषा, वाळूच्या टेकड्या आणि पिलांची दिशाभूल करणारे रात्रीचे दिवे यांचे थर एकावर एक ठेवले, की संकट कोठे आहे ते दिसू लागते. ही विद्या प्राणिशास्त्राच्या, किंबहुना कलाशाखेच्याही विद्यार्थ्यास का मिळू नये?

मात्र चुकीची नोंद रंगीत नकाशातही चुकीचीच राहते. आणि घरट्याची जागा जाहीर करणे म्हणजे अंडीचोरास वाट दाखविणे. म्हणून या विद्येचा पहिला धडा रापणकारासोबत, वाळूतच गिरवावा लागेल.

आपल्या भूमीचा नकाशा परक्याने आखावा, ही स्थिती आम्ही एकदा भोगली आहे. केवळ आळसापोटी ती पुन्हा का ओढवून घ्यावी?