खेळाचा संगणक : बंद पेटी की सुटा माल?

आमच्या संघाच्या स्मरणिकेत आजवर मंडी-कर, बारदाना, साठामर्यादा आणि वाहतूक या विषयांचीच चर्चा होत आली आहे. तीत खेळाच्या संगणकाचा विषय पाहून काही वडीलधाऱ्या सभासदांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या वस्तूवर घरातून एकरकमी पन्नास-साठ हजार रुपये बाहेर पडावयाचे, तिची पारख न करता पैसे मोजणे व्यापाऱ्याच्या घरास शोभत नाही. सोयाबीनच्या ट्रॉलीत ओलावा किती आणि माती किती, हे आम्ही मुठीत दाणे घेऊन सांगतो. आणि तेच आम्ही इंदूरच्या दुकानात रंगीत दिवे लावलेली काचेची पेटी पाहिली की भाव विचारून गप्प बसतो. हा विरोधाभास आम्हांस खटकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांस खेळ द्यावा की नाही, या वादात आम्ही फार शिरत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांस मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांतील हा भेद आपल्या घरांतून पूर्वीपासून पाळला जात आहे. शिवाय ज्या यंत्रावर मुलगा संध्याकाळी तासभर खेळतो, त्याच यंत्रावर मुलगी वास्तुशास्त्राचे आराखडे काढते, हेही आम्ही पाहिले आहे.

आता मुख्य प्रश्न. मोठ्या कंपनीने कारखान्यात जोडून, मोहोर लावून दिलेली पेटी घ्यावी, की सुटे भाग निवडून संगणक जोडून घ्यावा? सुटे भाग मुळात जुळतात कसे, अशी शंका पुष्कळांस येते. त्याचे उत्तर १९८१ सालात आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला लहान संगणक बाजारात आणला, तो इतर कारखानदारांकडून मिळणाऱ्या भागांपासून बनविला होता, आणि त्याची रचनाही कंपनीने प्रसिद्ध केली होती. त्यामुळे इतरांस तशीच यंत्रे बनविता आली, मापे ठरून गेली, आणि आज एका कंपनीचा पंखा दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बिनतक्रार बसतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि आपल्या इंदूरचा सिल्व्हर मॉल हे बाजार याच सोयीवर उभे राहिले.

बंद पेटीच्या बाजूने बोलावयाचे तर तिचे गुण खरे आहेत. एकच बिल, एकच हमी, आणि विंडोज ही प्रणाली अस्सल परवान्यासह आत घातलेली. सुट्या मालात हा परवाना स्वतंत्र विकत घ्यावा लागतो आणि तो हजारोंच्या घरात जातो. पुष्कळ दुकानदार तो ‘असाच’ घालून देतात. चोरीचा माल तो चोरीचाच. आपण त्या वाटेस जाऊ नये. ज्यांस परवान्याचा खर्च नको त्यांनी लिनक्स वापरावे. २०१८ पासून प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे बहुतेक खेळ त्यावर चालतात. मात्र मुलांचा आवडता व्हॅलोरंट चालत नाही, हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर घरात अबोला होईल.

पण पेटीचे अवगुण झाकणाच्या आत असतात. जाहिरातीत प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक असते; ज्या भागांची नावे ग्राहक विचारीत नाही, तेथे कसर काढलेली असते. मेमरीच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच पट्टी, किमान दर्जाचा मदरबोर्ड, आणि सर्वांत घातक म्हणजे निनावी एसएमपीएस. शिवाय काही मोठ्या कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच वेगळ्या मापाचे घालतात. पुढे एखादा बिघडला तर बाजारातला साधा भाग त्यात बसत नाही, आणि मग कंपनी मागेल तो भाव.

एसएमपीएसवर आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या भागात तेथेच खरी गोम आहे. हा भाग भिंतीतील वीज घेऊन आतील नाजूक भागांस लागणाऱ्या दाबाने पुरवितो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, येते, झटका देऊन येते. आमच्या परिचयाच्या एका घरी अशीच दिव्यांची झगमग असलेली तयार पेटी आली. दुसऱ्या पावसाळ्यात तिचा एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. उघडून पाहिले तेव्हा त्यावर ना कंपनीचे धड नाव, ना कार्यक्षमतेचा ‘८० प्लस’ शिक्का. हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, टिकाऊपणाची हमी नव्हे, हेही खरे. परंतु ज्याच्यावर तोही नाही त्याच्याविषयी काय बोलावे! साधारण खेळाच्या संगणकास ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरतो. त्यात दोन हजार रुपये वाचविणे म्हणजे गोदामाच्या छपरात काटकसर करून आत शरबती गहू भरणे होय. यूपीएसही घ्यावा, पण दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा लहान यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार उचलतो, तेव्हा ग्राफिक्स कार्डाची भूक आधी विचारावी. आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे; हे काम गावातला वायरमन करतो, त्यास इंदूर लागत नाही.

हमीच्या बाबतीत लोकांची समजूत उलटी आहे. तयार पेटीस बहुधा एका वर्षाची हमी असते. सुट्या मालात प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांस बहुधा तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसला तीन ते पाच किंवा अधिक, आणि मेमरीस त्याहूनही दीर्घ मुदत मिळते. अडचण इतकीच की कोणता भाग बिघडला हे आपण ओळखावयाचे आणि तो घेऊन इंदूरचे सेवाकेंद्र गाठावयाचे. हाटपिपल्याहून जाऊन यावयास दिवस मोडतो. पण बंद पेटीसाठीदेखील कारागीर आपल्या दाराशी येईल की नाही, हे पिनकोड सांगून आधी विचारून घ्यावे. शहरास दिलेले वचन कसब्यास लागू असतेच असे नाही.

बिलाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. “बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील” हे वाक्य काउंटरवर ऐकू येते. बिल नसेल तर हमी कशाच्या आधारे मागणार? प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. याच्या उलट दुसरी सवयही आम्हांस मान्य नाही : मुलाच्या खेळाचे यंत्र पेढीच्या नावे घेऊन घसारा काढावयाचा. सुट्या, करमुक्त धान्याचाच ज्यांचा व्यवहार आहे त्यांस जीएसटीची वजावट तशीही मिळत नाही, आणि घरच्या करमणुकीच्या वस्तूवर ती कोणासच नाही. घरचा खर्च घरखात्यास मांडावा.

आमचे मत सुट्या मालाकडे झुकते, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. मात्र भाग एकाच विश्वासू दुकानातून घ्यावेत आणि मुलाने किंवा मुलीने ते स्वतः जोडावे, दुकानदार शेजारी उभा असताना जोडले तरी चालेल. एक पेचकस आणि तीन-चार तास एवढेच भांडवल त्यास लागते. रक्कम एकदा ठरवून मुलाच्या हाती द्यावी आणि तीन दुकानांचे भाव त्याने वहीत मांडून आणावेत. आपला मुलगा गादीवर बसण्यापूर्वी ज्या गोष्टी शिकावा असे आपणांस वाटते, त्यांतील पुष्कळशा त्या वहीत येतात.

रक्कम फारच अपुरी असेल तर आरंभी ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. रायझन ५ ५६००जी (२०२१) किंवा ८६००जी (२०२४) यांसारख्या प्रोसेसरात चित्र काढण्याची शक्ती अंगचीच असते. हलके खेळ त्यावर चालतात आणि कार्ड पुढील दिवाळीस घालता येते. वापरलेले कार्ड स्वस्त मिळते. पण २०२१ च्या सुमारास आभासी चलन पाडण्यासाठी कार्डे रात्रंदिवस राबविली गेली, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत सोडल्यावर ती कार्डे बाजारात लोटली. असा माल अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून मगच घ्यावा. नमुना न पाहता पोते कोण घेतो?

एक गोष्ट शहरातील जाणते सांगणार नाहीत. आपली घरे पेढीच्या वर किंवा मंडीच्या जवळ. हंगामात भुसा आणि धूळ उडते ती या यंत्राच्या पंख्यांतून आत ओढली जाते. पुढे जाळी असलेली पेटी घ्यावी, ती जमिनीवर ठेवू नये, आणि दोन महिन्यांनी यंत्र बंद करून ब्लोअरने झाडावी. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी.

शेवटी भावाचे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीत अशी तेजी आली की काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी कारखान्यांनी आपला माल तिकडे वळविला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी असलेला आपला क्रुशियल हा छाप बंद करण्याचे जाहीर केले. अशा तेजीत मोठ्या कंपनीजवळ जुन्या सौद्याचा माल पडून असतो, आणि तेवढ्यापुरती बंद पेटी सुट्या मालाहून स्वस्त पडू शकते. तेव्हा दोन्हींचा हिशेब त्या दिवशीच्या भावाने करावा, ऐकीव भावाने नव्हे. पेटी स्वस्त पडली तर एसएमपीएसचे नाव आणि मदरबोर्डाचे माप विचारून ती खुशाल घ्यावी. सुटा माल घेणाऱ्याने, ग्राफिक्स कार्ड वेगळे असल्यास, आज १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी. वेग थोडा कमी मिळेल, पण मदरबोर्ड चार खाचांचा, निदान दोन खाचांचा पाहून एक जागा मोकळी ठेवावी, आणि भाव उतरल्यावर तशीच दुसरी पट्टी बसवावी.