पुण्यातले चार मोठे फुटबॉल क्लब चार वर्षांत गायब झाले, मग थेरगावच्या पोरांनी खेळायचं कुठं?

थेरगावात क्रिकेट शिकायचं असेल तर पत्ता विचारत फिरावं लागत नाही. महापालिकेच्या मैदानावर वेंगसरकर अकॅडमी आहे आणि ऋतुराज गायकवाड तिथंच घडला. पण पोरगं म्हणालं, "मला फुटबॉल खेळायचाय," तर? मग आईबाप मोबाईलवर जवळपासचे टर्फ शोधायला लागतात.

आता हे वाचून वाटेल की या भागात फुटबॉल कधी नव्हताच. विषय उलटा आहे.

2007 मध्ये अशोक पिरामल ग्रुपनं पुणे एफसी सुरू केला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये हा क्लब देशात दुसरा आला. त्यांची निवासी अकॅडमी होती आपल्याच मामुर्डीत, देहूरोडजवळ. तिच्या पोरांनी 20 वर्षांखालची आय-लीगही जिंकली. पुढं भारताकडून खेळलेला आशिक कुरुनियन या अकॅडमीत होता. म्हणजे केरळमधल्या मलप्पुरमचं पोरगं फुटबॉल शिकायला मामुर्डीत येत होतं.

मग काय झालं? 2015 मध्ये पुणे एफसी बंद झाला आणि त्याची अकॅडमी एफसी पुणे सिटीकडं गेली. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी आय-लीगचा एकच सीझन खेळला आणि त्याच वर्षी आटोपला. लिव्हरपूलच्या नावानं अकॅडमी काढणारा डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर आय-लीगमधून बाहेर पडला. राहिला आयएसएलमधला एफसी पुणे सिटी, ज्याच्या मालकांत हृतिक रोशन होता. 2019 मध्ये तोही गेला आणि त्याच्या जागी हैदराबादची टीम आली.

कारणं वेगवेगळी होती. कुणाला आपल्या लीगचं भवितव्य दिसेना, कुणाच्या मुख्य धंद्यालाच घरघर लागली. पण चारही ठिकाणी क्लबचा निर्णय कंपनीच्या ऑफिसात होत होता. तिथं ठरलं की क्लब संपला, आणि बालेवाडीत जाऊन ओरडणाऱ्या प्रेक्षकाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

याच्या बरोबर उलटं उदाहरण कोल्हापूरचं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावं मुळात पेठांची आणि तालमींची. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिथं असते. स्पॉन्सर येतात-जातात, टीम राहते, कारण ती कुणा एकाच्या मालकीची नाहीच. 2017 चा 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला. अर्थात तिथं सगळं गोड आहे असंही नाही. ईर्ष्येपायी मैदानावर राडे होतात, आणि सीनियर टीमवर जेवढा जीव टाकला जातो तेवढा दहा वर्षांच्या पोरांवर टाकला जात नाही.

पोरांवर जीव टाकण्याचं काम नागपुरात झालं. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 'झुंड'मुळं ते नाव घराघरात गेलं, पण सिनेमात न मावलेला भाग जास्त महत्त्वाचा आहे. तिथं फुटबॉलच्या खेळातून गणित, इंग्रजी, आरोग्य शिकवलं जातं आणि मुलींसाठी वेगळे कार्यक्रम चालतात.

थेरगाव यातल्या कुठल्याच साच्यात बसत नाही. इथं जुनं गावठाण आहे, पण निम्म्या सोसायट्या मराठवाडा, खानदेश, विदर्भातून कामाला आलेल्यांच्या. पेठेची ईर्ष्या इथं तयार मिळत नाही. म्हणून इथला क्लब उभा राहतो तो टर्फवर, आणि खरी अडचण तिथंच आहे.

हिशोब जागेचा आहे. आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान 105 बाय 68 मीटर, म्हणजे साधारण 71 गुंठे. पाच-पाच जणांच्या खेळाला 40 बाय 20 मीटरचा टर्फ पुरतो, म्हणजे 8 गुंठे. थेरगाव-वाकड पट्ट्यात 71 गुंठे मोकळी जमीन कुणी पोरांच्या खेळासाठी ठेवेल का? तेव्हा टर्फच येणार. टर्फ तासावर चालतो आणि संध्याकाळचे महागडे तास हिंजवडीतून सुटलेल्या नोकरदारांचे. पोरांची बॅच उरलेल्या वेळेत. टर्फवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यानं भाडं भरलंय. दहा वर्षांच्या पोराला 8 गुंठे पुरतातही. पण चौदाव्या वर्षी त्याला मोठं मैदान लागतं, आणि नेमकी तिथं गाडी अडते.

जर्मनीत गल्लीतला क्लबसुद्धा नोंदणीकृत संस्था असतो. सभासद वर्गणी भरतात, पदाधिकारी निवडतात. आपल्या हौसिंग सोसायटीसारखंच, पार्किंगची भांडणं वजा करून. पण मैदान बहुतेक ठिकाणी पालिकेचं असतं.

आपल्याकडं पालिकेचं मैदान येतं कुठून? विकास आराखड्यातून. 'खेळाचं मैदान' असं आरक्षण पडतं आणि मग महापालिकेनं पैसे, टीडीआर किंवा एफएसआय देऊन ती जमीन ताब्यात घ्यायची असते. घेतली नाही तर एमआरटीपी कायद्याचं कलम 127 लागू होतं. आराखडा मंजूर होऊन 10 वर्षं झाली की जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप रद्द. मालकाच्या बाजूनं हे योग्यच आहे, जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण नकाशावरचं मैदान असं गुपचूप जातं. मे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा आला, तेव्हा हरकतींसाठी 60 दिवस होते. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडं होता, त्यामुळं त्या 60 दिवसांत मैदानासाठी भांडायला वॉर्डात नगरसेवकही नव्हता. क्रिकेटला जमीन मिळाली कारण ती मागणारं मोठं नाव होतं. फुटबॉलच्या बॅचकडं बहुतेक वेळा फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो.

ग्रुप असण्यात आणि क्लब असण्यात फरक पैशांचाही आहे. फिफाचा नियम असा की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात मोठ्या रकमेला विकला गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. उद्या थेरगावचं पोरगं तिथवर गेलं तरी त्याचं नाव त्या वर्षांत क्लबच्या नावावर नोंदलेलं असायला हवं. भारतात ही नोंदणी एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाइन यंत्रणेत होते.

म्हणून पोराचं नाव घालताना किटचा रंग बघू नका. कोचकडं एआयएफएफचं डी किंवा एएफसीचं सी लायसन्स आहे का, ते विचारा. सीआरएसमध्ये नाव घालणार का, विचारा. जन्मदाखला न मागणाऱ्या क्लबपासून जरा लांबच राहा, कारण वय चोरणाऱ्या टीमपुढं तुमचं पोरगं खेळणार आहे. मुलींच्या बॅचला बाई कोच किंवा कुणी जबाबदार बाई हजर असते का, तेही बघा.

आणि सगळ्यात आधी विचारा, "वर्षाला मॅच किती?" एआयएफएफनं 2018 पासून 12 वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी गोल्डन बेबी लीग आणल्या त्या याचसाठी, की एका दिवसाच्या कपात दोन मॅच खेळून घरी जाण्यापेक्षा पोरानं महिनोन्‌महिने दर आठवड्याला मॅच खेळावी. अशी लीग चालवायला स्टेडियम लागत नाही, 8 गुंठे पुरतात.